कादंबरीचा व्हिडिओ करायचाय? आधी अभिवाचन करा

कादंबरी छापून आली की पहिले काही दिवस फोन वाजत राहतो, अभिनंदनाचे मेसेज येतात, आणि मग सगळं शांत होतं. माझ्या पहिल्या कादंबरीचं असंच झालं. तेव्हा एका मित्राने सुचवलं, "बुक ट्रेलर कर." म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ. मी केला. चांगला चार मिनिटांचा. जवळजवळ सगळं कथानक त्यात होतं, पडद्यावर वाक्यं सरकत होती आणि मागे संगीत दणदणत होतं. लोक किती वेळ थांबले याचा आलेख पाहिला, तर बहुतेक जण पहिल्या २० सेकंदांतच निघून गेलेले.

दुसऱ्या कादंबरीच्या वेळी मी क्रम उलटा केला. कॅमेऱ्याला हातच लावला नाही. आधी एक प्रसंग निवडला, तो मोठ्याने वाचला, कापला, परत वाचला, पाच माणसांना ऐकवला. तो बसला असं वाटलं तेव्हाच चित्रित केला. व्हिडिओ दीड मिनिटाचा झाला. पाहिलेल्यांचा प्रश्न एकच होता : "त्या घड्याळात काय होतं?" हा प्रश्न मनात घेऊनच त्यांनी पुस्तक उघडलं.

पहिल्यांदाच हे करणाऱ्या लेखकांसाठी हा दुसरा रस्ता इथे टप्प्याटप्प्याने सांगते आहे. पुस्तक छापील असो की ई-बुक, प्रकाशकाने काढलेलं असो की स्वतः काढलेलं, क्रम तोच राहतो.

हाताशी काय काय लागेल

कागदपत्रं :
- प्रकाशकाशी झालेला करार (सगळी पानं, परिशिष्टांसकट)
- मुखपृष्ठ वापरायला प्रकाशकाची किंवा चित्रकाराची लेखी परवानगी
- व्हिडिओत दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या प्रत्येकाचं संमतिपत्र. लहान मूल असेल तर पालकांच्या सहीचं
- चित्रीकरणाची जागा दुसऱ्याची असेल तर त्यांची लेखी परवानगी
- वापरलेल्या प्रत्येक संगीताचा, चित्राचा आणि फॉन्टचा परवाना, डाउनलोड केल्याच्या तारखेसह

साधनं :
- बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन आणि ट्रायपॉड
- कॉलरला लावायचा छोटा माइक, किंवा रेकॉर्डर म्हणून दुसरा फोन
- खिडकीचा उजेड, आणि तो परतवायला पांढरा पुठ्ठा
- आवाजासाठी ऑडॅसिटी. व्हिडिओ जोडायला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, शॉटकट किंवा केडेनलाइव्ह यांपैकी एक
- कानात घालायचे हेडफोन. हे नसतील तर काम सुरूच करू नका.

१. आधी करार वाचा

ही कंटाळवाणी पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर त्यांना दोन महिने निस्तरावं लागतं. करारात तीन गोष्टी शोधा. प्रसिद्धीसाठी मजकुराचा किती भाग वापरता येतो? दृक्-श्राव्य आणि नाट्यरूपांतराचे हक्क कुणाकडे आहेत? ऑडिओबुकचे हक्क कुणाला दिले आहेत का?

तिसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे. ऑडिओबुकचे हक्क एकदा दुसऱ्याला दिले की अख्खं प्रकरण वाचून ते चॅनलवर टाकणं त्यांच्या हक्कांवर अतिक्रमण ठरू शकतं, आवाज तुमचा स्वतःचा असला तरी. दोन-तीन मिनिटांच्या वाचनाला सहसा कुणी हरकत घेत नाही. तरीही एक ईमेल पाठवून लेखी होकार घ्या. कोणता उतारा, साधारण किती शब्द, कुठे टाकणार, एवढं त्यात असलं की झालं. फोनवर मिळालेला होकार वर्षभराने दोघांनाही आठवत नाही.

मुखपृष्ठाचंही असंच. ते आहे तसं दाखवायला बहुधा कुणी नाही म्हणत नाही. पण मुखपृष्ठावरचा पक्षी तुम्ही उडवला, चित्रातला पाऊस हलता केला, तर तो मूळ चित्रात केलेला बदल झाला. चित्रकाराला विचारा. मी विचारलं तेव्हा चित्रकाराने आनंदाने चित्राचे सुटे थरच पाठवून दिले, आणि माझं काम निम्म्यावर आलं.

२. प्रसंग निवडा, कथानक नको

कथानक सांगितलं की ऐकणाऱ्याची भूक मरते. प्रसंगात मात्र तो अडकतो. म्हणून 'ही गोष्ट आहे एका अशा स्त्रीची, जी...' अशी सुरुवात मनात आली की थांबा आणि पुस्तकात परत जा.

प्रसंग निवडताना मी स्वतःला काही प्रश्न विचारते. मागचं-पुढचं काही माहीत नसलेल्या माणसाला हा कळेल का? यात हातात धरता येईल अशी एखादी वस्तू आहे का? पत्र, किल्ली, चप्पल, काहीही चालेल. आणि तो संपतो तेव्हा काहीतरी उघडं राहतं का? दुसरा प्रश्न नवख्यांना किरकोळ वाटतो, पण व्हिडिओचा निम्मा जीव त्यातच असतो. 'तिच्या मनात काहूर माजलं' हे कॅमेऱ्याला दिसत नाही. तिने पाकीट उघडलं, परत बंद केलं, परत उघडलं, हे दिसतं.

पुस्तकातला सगळ्यात सुंदर वर्णनाचा परिच्छेद घेऊ नका. तो तुमचा लाडका असतो, मला कळतं. पण लांब वर्णन डोळ्यांनी वाचायचं असतं; कानाने ऐकताना तिसऱ्या उपमेपाशी माणूस हरवतो. कादंबरीचा शेवट तर चुकूनही नको, आणि ज्या प्रकरणात सात पात्रं आहेत तेही नको. एक किंवा दोन माणसं, एक वस्तू, एक जागा. पहिल्या खेपेला एवढं पुष्कळ आहे.

३. वाचनाची प्रत वेगळी करा

छापील पानावरून थेट वाचू नका. चार्ल्स डिकन्स यांच्यासारखा लेखकही तसं वाचत नव्हता. १८५३ साली बर्मिंगहॅममध्ये एका संस्थेच्या मदतीसाठी त्यांनी आपली नाताळची कथा जाहीरपणे वाचली, ते वाचन जवळजवळ तीन तास चाललं. पुढे १८५८ पासून ते व्यावसायिक कार्यक्रम करू लागले आणि तीच कथा दीड तासाच्या आसपास आणली. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच पुस्तकाची पानं सुटी करून मोठ्या कागदांवर चिकटवून घेतली, म्हणजे भोवती रुंद समास मिळाला. मग ओळीच्या ओळी खोडल्या, शब्द अधोरेखित केले, आवाज कुठे उतरवायचा, कुठे खुलवायचा याच्या सूचना समासात लिहिल्या. ती प्रत आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपून ठेवली आहे. एवढ्या नावाजलेल्या लेखकाने स्वतःच्या छापील वाक्यांवर काट मारली, तर आपण कशाला बिचकायचं?

माझ्या कादंबरीतला उतारा असा छापला होता :

'घड्याळजी म्हणून त्याने आयुष्यभर असंख्य घड्याळं उघडली होती, आणि त्या प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली त्याला काही ना काही सापडलं होतं, धूळ, घाम, गंज, कधी एखादा केस; पण पावसाने काळवंडलेल्या त्या दुपारी, त्या मुलीने काउंटरवर ठेवलेल्या घड्याळात जे सापडलं ते, तिच्या आईला तो ओळखत असल्यामुळे, त्याने तिला सांगितलं नाही.'

कागदावर हे एकच लांब वाक्य मला आवडायचं, अजूनही आवडतं. मोठ्याने वाचलं तेव्हा 'काउंटरवर' या शब्दापाशी श्वास संपला. आणि ऐकणाऱ्याला क्रियापदापर्यंत पोहोचेस्तोवर कोण, कुणाला, काय, हे सगळं डोक्यात धरून बसावं लागत होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. लांब वाक्यात ते ओझं कानावर पडतं. वाचनाची प्रत अशी झाली :

'आयुष्यभर त्याने घड्याळं उघडली. / झाकणाखाली काय काय सापडायचं. / धूळ. / घाम. / गंज. / कधी एखादा केस. // त्या दुपारी पाऊस होता. / एका मुलीने काउंटरवर घड्याळ ठेवलं. / त्याने झाकण उघडलं. /// आत जे होतं, / ते त्याने तिला सांगितलं नाही.'

एक तिरकी रेघ म्हणजे छोटा श्वास, दोन म्हणजे नजर वर, तीन म्हणजे थांबायचं आणि मनात तीन आकडे मोजायचे. आणखी एक बदल लक्षात आला का? 'तिच्या आईला तो ओळखत असल्यामुळे' हे वाक्यातून गेलं. पुस्तकात ते हवंच, पण व्हिडिओत ते ठेवलं असतं तर उत्तर प्रश्नाच्या आधीच हातात पडलं असतं.

प्रत १६ ते १८ पॉइंटच्या टाइपात, पानाच्या एकाच बाजूला छापा. वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नका. पानं स्टेपल करू नका. सुटी पानं अलगद बाजूला सरकवता येतात, स्टेपल केलेली उलटताना माइकमध्ये खरखरतात.

आणि घड्याळ लावून वाचा. स्वतःच्या वेगाचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचाच चुकतो. घरी एकट्याने ९० सेकंदांत होणारा उतारा लोकांसमोर नीट थांबत वाचला की दोन मिनिटांच्या जवळ जातो.

४. पाच माणसांसमोर वाचा

त्यांतल्या निदान दोघांनी पुस्तक वाचलेलं नसावं. वाचून झाल्यावर 'कसं वाटलं?' असं विचारू नका. सगळे छानच म्हणतात, आपली माणसं असतात. 'आता पुढे काय होईल असं वाटतं?' असं विचारा. उत्तर देताना ते अंदाज बांधू लागले, आपसात वाद घालू लागले, तर प्रसंग जमला. 'बरं, मग पुस्तक कधी येतंय?' असं विचारलं, तर परत निवडीच्या पायरीवर जा.

वाचताना स्वतःचं एक रेकॉर्डिंग करून ठेवा. ऐकायला नको वाटेल, पण ऐका. ऐकताना दोनच गोष्टींवर खूण करा : कुठे घाई झाली आणि वाक्याचा शेवटचा शब्द कुठे गिळला गेला. वाक्याचा शेवट पडणं हा आपल्या वाचनातला फार मोठा दोष आहे. क्रियापद शेवटी, आणि नेमका तिथेच श्वास संपलेला. 'सांगितलं नाही' मधलं 'नाही' ऐकूच आलं नाही, तर अर्थच उलटा होतो.

प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढण्याच्या फंदात पडू नका. आपण नट नाही, आणि म्हाताऱ्याचा थरथरता आवाज काढला की ऐकणाऱ्याचं लक्ष पात्रावरून आपल्या कसरतीवर जातं. दोन पात्रं बोलत असतील तर एकाचं बोलताना नजर किंचित डावीकडे, दुसऱ्याचं बोलताना किंचित उजवीकडे. मान नाही, नुसती नजर. निवेदन समोर बघून. एवढ्यावर लोकांना बरोबर कळतं कोण बोलतंय ते.

५. आवाज आधी, चित्र नंतर

चित्र थोडं अंधारं असलं तर लोक चालवून घेतात. आवाज घुमत असेल तर उठून जातात. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

फोनचा माइक तीन-चार हातांवर असेल तर तुमच्या आवाजापेक्षा खोलीचाच आवाज जास्त येतो. कॉलरचा माइक हनुवटीच्या खाली साधारण एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर लावा. कपडा खसखसणारा नसावा. माइक नसेल तर दुसरा फोन विमान मोडवर टाकून, रेकॉर्डर सुरू करून, चौकटीच्या अगदी बाहेर तोंडाजवळ ठेवा. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीचा ठोका दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये उंच टोकासारखा दिसतो. जोडताना ती टोकं एकमेकांवर आणली की आवाज आणि ओठ जुळतात.

रिकामी खोली टाळा. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट, पुस्तकांचं शेल्फ, हे सगळं प्रतिध्वनी खातं. पंखा आणि फ्रिज बंद करा. (फ्रिज परत चालू करायची आठवण म्हणून मी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते.) वाचन झाल्यावर लगेच उठू नका, अर्धा मिनिट गप्प बसून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन तुकडे जोडताना मध्ये ती शांतता घातली नाही, तर सांधा कानाला खटकतो.

रेकॉर्डिंगची, आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी सगळ्यात मोठ्या शब्दालाही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असं बघा. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ण दुरुस्त होत नाही. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद होते तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ ठेवा. व्हिडिओसाठी तोच वापरतात.

वाचनाखेरीज वस्तूचा आवाज वेगळा घ्या. घड्याळजीच्या प्रसंगासाठी मी घरातलं चावीचं एक जुनं घड्याळ लाकडी टेबलावर ठेवून, माइक त्याच्या अगदी पोटाशी लावून, रात्री दोन वाजता टिकटिक रेकॉर्ड केली. टेबलामुळे त्या आवाजाला एक पोकळ खर्ज आला. आणि 'त्याने झाकण उघडलं' या वाक्यानंतर ती टिकटिक मी बंद केली. बाकी काही नाही, फक्त बंद. सगळ्या व्हिडिओत लोकांच्या लक्षात राहिलेली जागा तीच.

६. चित्रीकरण

आधी ठरवा : उभा की आडवा. रील्स आणि शॉर्ट्ससाठी उभा, ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेल. यूट्यूबच्या नेहमीच्या व्हिडिओसाठी किंवा सभागृहातल्या पडद्यासाठी आडवा, १६:९. आडवा काढून नंतर उभा कापू असं म्हणू नका, हात आणि पुस्तक दोन्ही चौकटीबाहेर जातात. वेळ असेल तर दोनदा वाचा आणि दोनदा काढा.

खिडकी तुमच्या बाजूला हवी, पाठीमागे नाही. पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा. डिकन्स आपल्याबरोबर स्वतःचं वाचनाचं टेबल, मागचा पडदा आणि गॅसचे दिवे घेऊन फिरत. चेहरा आणि हात शेवटच्या रांगेपर्यंत दिसावेत एवढाच त्यांचा आग्रह. आपल्यालाही तेवढंच साधायचं आहे.

घरातल्या दिव्यांखाली काढत असाल आणि पट्टे सरकताना दिसले, तर ते विजेच्या वारंवारितेमुळे. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद, ६० हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला ३० फ्रेम आणि शटरचा वेग १/६० सेकंद ठेवा. फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर तुम्ही हात हलवला की चित्र आपोआप उजळतं-मंदावतं.

चेहऱ्याबरोबरच वस्तूचे आणि हातांचे जवळचे शॉट घ्या, प्रत्येकी निदान दहा सेकंदांचे. जिथे वाचनात चूक कापावी लागेल तिथे हेच शॉट वर टाकता येतात. उभ्या व्हिडिओत खालचा भाग मोकळा ठेवा, कारण तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. माझ्या एका व्हिडिओत पुस्तकाचं नाव बरोबर त्याखाली झाकलं गेलं होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी.

७. संगीत, आणि त्यातले खड्डे

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. मीही फसले. एका संग्रहातून 'रॉयल्टी फ्री' (म्हणजे दर वापरामागे वेगळं मानधन न लागणारी) लिहिलेली धून घेतली, आणि प्रकाशनाच्या दिवशीच व्हिडिओवर हक्काचा दावा आला. परवान्याचं पान मी जपून ठेवलं नव्हतं. सिद्ध काय करणार? धून काढून व्हिडिओ नव्याने टाकावा लागला, आणि पहिल्या दिवसाच्या सगळ्या प्रतिक्रिया गेल्या.

तेव्हापासून हे पक्कं लक्षात ठेवते :

रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या संगीतकाराची रचना कुणाच्या मालकीची राहिली नसेल, पण ती गेल्या काही वर्षांत ज्या वाद्यवृंदाने वाजवली त्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतो.

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर सगळ्यांना वापराची मुभा देणारे परवाने. त्यांच्या नावातली अक्षरं नीट वाचा. 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, आणि पुस्तक खपावं म्हणून केलेला व्हिडिओ बिगर-व्यावसायिक आहे असं म्हणणं कठीण. 'एनडी' म्हणजे रूपांतर केलं तर ते प्रसिद्ध करायची मनाई. आणि या परवान्यांनुसार संगीत चालत्या चित्राशी जुळवून लावणं हेच रूपांतर धरलं जातं. म्हणजे 'एनडी' धून व्हिडिओखाली बसतच नाही. 'एसए' असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. 'सीसी झिरो' (निर्मात्याने हक्क सोडून दिलेलं) आणि 'सीसी बाय' (श्रेय देऊन वापरायचं) हे दोन सोपे. दुसऱ्यात श्रेय मात्र द्यायलाच हवं.

ॲपमध्ये दिसणारी लोकप्रिय गाणी वैयक्तिक वापरासाठी असतात. व्यवसायाच्या खात्यावर किंवा जाहिरातीत ती सरसकट चालत नाहीत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्या व्हिडिओला संगीत लावूच नका. आवाज, शांतता आणि एका वस्तूचा नाद. तुमच्या ओळखीत कुणी सतार, बासरी, गिटार वाजवत असेल तर त्यांच्याकडून वीस सेकंदांची नवी धून वाजवून घ्या, लेखी परवानगी घ्या आणि नाव ठळक द्या.

चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केली असतील आणि ती खरी वाटण्यासारखी असतील, तर तसं जाहीर करावं लागतं. यूट्यूबने २०२४ पासून व्हिडिओ चढवतानाच त्यासाठी खूण दिली आहे. आवाज मात्र यंत्राचा लावू नका. वाचकाला लेखकाची भेट घडवायला आपण हे सगळं करतोय.

८. जोडणी आणि उपशीर्षकं

पहिल्या तीन सेकंदांत प्रसंग सुरू झालाच पाहिजे. 'नमस्कार, मी अमुक, आज मी तुमच्यासाठी...' हे सगळं शेवटी. मुखपृष्ठ, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, प्रकाशक आणि पुस्तक कुठे मिळेल हे शेवटच्या चार-पाच सेकंदांत, स्थिर. हलणारी, उडणारी अक्षरं वाचून होत नाहीत.

उपशीर्षकं हवीतच, कारण कितीतरी लोक आवाज बंद ठेवून पाहतात. आपोआप तयार होणाऱ्या मराठी उपशीर्षकांवर विसंबू नका; नावं, जोडाक्षरं आणि बोलीतले शब्द हमखास चुकतात. एसआरटी फाइल (उपशीर्षकं आणि ती कधी दिसायची त्या वेळा असलेली साधी मजकुराची फाइल) स्वतः तयार करा आणि ती यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच साठवा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. एका वेळी फार तर दोन ओळी. आणि महत्त्वाचं : 'ते त्याने तिला सांगितलं नाही' ही ओळ तुम्ही उच्चारण्याआधी पडद्यावर येऊ देऊ नका. वाचनातला ठहराव उपशीर्षकाने आधीच फोडला तर सगळी मेहनत वाया.

अक्षरं व्हिडिओवरच उमटवायची असतील तर फॉन्ट युनिकोड (सगळ्या यंत्रांवर एकसारखा चालणारा अक्षरसंकेत) हवा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर इथे चिकटवला की त्याचा खिचडा होतो. मुक्ता, बालू आणि नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत आणि व्हिडिओत निर्धास्त वापरता येतात. काही सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरं मोडतात, म्हणून आधी 'ऱ्हास', 'तुमच्या', 'विद्वत्ता', 'दुसऱ्या', 'किंचित' हे शब्द लिहून बघा. वेलांटी चुकीच्या जागी गेली किंवा पाय मोडून अक्षर सुटं पडलं, तर ओळ दुसरीकडे चित्र म्हणून तयार करून आणा.

९. प्रकाशित करताना

यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटं आहे. तीन मिनिटं मिळतात म्हणून भरायची नाहीत. ६० ते ९० सेकंद पुरतात. शीर्षक देवनागरीत द्या, पण वर्णनात पुस्तकाचं आणि स्वतःचं नाव रोमन लिपीतही लिहा. मराठी वाचणारे पुष्कळ लोक शोधताना रोमनमध्ये टाइप करतात, आणि तिथे नाव नसेल तर तुमचं पुस्तक त्यांना सापडतच नाही. आयएसबीएनही द्या.

पुस्तक विक्रीला आलेलं असल्याशिवाय व्हिडिओ टाकू नका. उत्सुकता चाळवलेला वाचक तिथल्या तिथे पुस्तक शोधतो, मिळालं नाही तर विसरतो.

आठवड्याने प्रेक्षक टिकल्याचा आलेख उघडा. किती जणांनी पाहिलं यापेक्षा ते कुठे सुटले ते बघा. पहिल्या पाच सेकंदांत घसरण असेल तर सुरुवात संथ आहे. मध्येच एका जागी कडा पडला असेल तर ते वाक्य परत ऐका, बहुतेक वेळा तिथे कुठलंतरी स्पष्टीकरण आलेलं असतं.

१०. प्रत्यक्ष कार्यक्रम

व्हिडिओ पाहून कुणीतरी बोलावतं : ग्रंथालय, वाचक मंडळ, महाविद्यालय. वाचन २० ते २५ मिनिटांचं ठेवा, वर प्रश्नोत्तरं. तोच गाजलेला प्रसंग पहिल्यांदा वाचू नका, तो शेवटी. सुरुवात हलक्या, संवादाच्या तुकड्याने करा, म्हणजे लोकांचे कान तुमच्या आवाजाला सरावतात.

आयोजकांना आधी हे विचारा : माइक हातातला की स्टँडचा, वाचायला उंच स्टँड आहे का, पानावर उजेड पडतो का, रेकॉर्डिंग होणार का, पुस्तकं विकायला टेबल कुठे. माइक हातातला असेल तर एका हाताने पानं सांभाळता येत नाहीत. स्टँड मागून घ्या. रेकॉर्डिंग होणार असेल आणि प्रेक्षक दिसणार असतील, तर सुरुवातीलाच तसं सांगा आणि ज्यांना दिसायचं नाही त्यांच्यासाठी एक बाजू ठेवा.

वस्तू बरोबर न्या. मी ते घड्याळ टेबलावर ठेवते, वाचताना त्याला हात लावत नाही. शेवटच्या वाक्यानंतर चावी देते. माइकजवळ टिकटिक सुरू होते आणि मी खाली बसते. टाळ्या थोड्या उशिरा येतात, पण पुस्तकांच्या टेबलाकडे जाताना लोक त्या घड्याळापाशी थांबतात, कान लावतात, आणि बऱ्याच जणांना मागचं झाकण उघडून बघायचं असतं.

११. फाइली जपा

कच्चं चित्रीकरण, मूळ आवाज, खोलीची शांतता, वाचनाची प्रत, एसआरटी, परवाने आणि संमतिपत्रं हे सगळं एकाच फोल्डरमध्ये, नावात तारीख आणि प्रसंग लिहून. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं देऊ नका. त्या टिकटिकीची मूळ फाइल मला दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी परत लागली, ती 'नवीन ३' या नावाखाली होती, आणि ऐंशी फाइली एकेक करून ऐकाव्या लागल्या. आता तिचं नाव 'घड्याळ, लाकडी टेबल, रात्री २' असं आहे.